सोहोची नमुना नाणी: पारखायची कशी, आणि आधीच्या मालकांचा माग काढायचा कसा

चलनासाठी सुचवलेलं, चाचणीपुरतं पाडलेलं, पण पुढे मंजूर न झालेलं नाणं म्हणजे पॅटर्न किंवा नमुना नाणं. ब्रिटिश नमुन्यांत सर्वांत गाजलेलं म्हणजे थॉमस सायमनचं १६६३ चं पेटिशन क्राउन. दुसऱ्या चार्ल्सकडे केलेला अर्जच त्याने नाण्याच्या कडेवर उमटवला होता. ते बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचं. सुरुवात बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीच्या तांब्याच्या नमुन्यांनी करावी. मॅथ्यू बोल्टनच्या याच टांकसाळीत मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ सालचे पैसे पाडले गेले.

आधी टेलर ओळखा. सोहोचा लिलाव १८५० मध्ये झाला, तेव्हा लंडनचा ठसे कोरणारा डब्ल्यू. जे. टेलर याने जुने ठसे उचलले आणि त्यांतून नव्याने नाणी पाडून संग्राहकांना विकली. त्यामुळे १७८८ साल असलेला, बोल्टनसाठी ठसे कोरणाऱ्या ड्रोझचा हाफपेनी प्रत्यक्षात व्हिक्टोरियाच्या काळातलाही असू शकतो. भिंगाखाली पाहा. ठशाला गंज चढला असेल, तर नाण्यावर बारीक उंचवटे दिसतात. नाणंच गंजलं असेल, तर खड्डे. पण उंचवटे दिसले म्हणून लगेच नाणं टेलरचं ठरवू नका. सोहोच्या शेवटच्या काळातल्या नगांवरही ते असतात. निवाडा करायला सी. विल्सन पेकची इंग्लिश तांब्याच्या नाण्यांची सूची हवीच. तिच्यात सोहोचे सुरुवातीचे, उशिराचे आणि टेलरचे नग वेगळे लावले आहेत.

मग कागद मागा. नाण्यासोबतच्या छोट्या गोल चिठ्ठ्या, जुनी पाकिटं, बिलं, सगळं. प्लास्टिकच्या सीलबंद डबीत नाणं गेलं की या चिठ्ठ्या हमखास हरवतात. डबीवर लिहिलेल्या ग्रेडपेक्षा, म्हणजे नाण्याच्या स्थितीच्या दर्जापेक्षा, मला त्या जास्त मोलाच्या वाटतात.

आता लिलावांच्या जुन्या याद्या. हायमन मॉन्टेग्यूचा संग्रह १८९५ पासून विकला गेला, जे. जी. मर्डॉकचा १९०३-०४ मध्ये, दोन्ही लंडनच्या सोदबीज या लिलावघरात. अशा बऱ्याच याद्या न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टलवर फुकट वाचता येतात. आधी आपल्या नाण्याचे डाग लिहून काढा: कडेवरची ठेच, गालावरचा ओरखडा, अक्षराजवळचा खळगा. मग चित्रं जुळवा. जुन्या याद्यांतल्या चित्रांच्या पानांवर पुष्कळदा नाण्याच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीचं छायाचित्र असे. म्हणून त्यात रंग आणि झळाळी शोधू नका, ठेच शोधा. पॉलिश करून चेहरा बदलता येतो, ठेच सहसा तशीच राहते.

चित्र जुळलं तर मालकी पक्की धरा. फक्त चिठ्ठी असेल, तर बहुधा. चिठ्ठ्यांची अदलाबदल होते. नुसतं वर्णन जुळत असेल, तर 'शक्य आहे' एवढंच म्हणा. स्वस्त नमुने एकाच लॉटमध्ये चार-पाच, विनाचित्र विकले जात. अशा लॉटवरून 'मर्डॉक संग्रहातलं' म्हणून कुणी जादा पैसे मागितले, तर देऊ नका.

घरी आल्यावर चिंच-मीठ लांब ठेवा. तांब्याचा मूळ रंग एकदा गेला की गेला. मऊ पीव्हीसीची पाकिटंही नकोत, त्यांनी हिरवट थर धरतो.

परदेशी लिलावातून मागवणाऱ्यांनी विक्रीचाही आधीच विचार करावा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि खासगी व्यक्तीला ते भारताबाहेर विकायला पाठवता येत नाही.