ताटलीतून ठिणगी काढायची तर कोरडा दिवस बघा

आधी दिवस निवडा. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी सकाळ उत्तम. गेल्या जुलैत आमच्या कोपरीच्या सोसायटीतली पोरं कंगवा केसांवर घासून दमली, कागदाचा एक कपटा उचलला जाईना. "मावशी, पुस्तकात खोटं लिहिलंय," म्हणत निघून गेली. मला फार वाईट वाटलं. खाडीकाठची आपली हवा पावसाळ्यात इतकी दमट, की वस्तूंवर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि जमलेला विद्युतभार त्यावरून निसटतो.

कंगवा-कपटे सगळ्यांना माहीत असतात. माझा जीव आहे ताटलीच्या प्रयोगात. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा सपाट तुकडा घ्या, त्याहून लहान, सपाट तळाची स्टीलची ताटली घ्या आणि तिच्या मधोमध प्लास्टिकचा ग्लास डबल टेपने चिकटवा. ही झाली मूठ. चोळायला खरी लोकर हवी; आमच्याकडे आजोबांची माकडटोपी आहे. टोपी आणि थर्माकोल अर्धा तास बाल्कनीतल्या उन्हात ठेवा. ही पायरी गाळू नका, निम्मं यश इथेच आहे.

आता थर्माकोल टोपीने मिनिटभर जोरात चोळा. ग्लास धरून ताटली त्यावर ठेवा. ताटलीच्या कडेला बोट लावा, बारीकसा 'चट्' होईल. बोट काढा, मग फक्त ग्लास धरून ताटली वर उचला आणि दुसऱ्या हाताचं बोट हळूहळू कडेजवळ न्या. टिचकन ठिणगी! बोट लावायचं राहिलं तर काहीच होत नाही. मुलं हमखास तिथेच चुकतात.

पुन्हा न चोळता ताटली ठेवा, बोट लावा, उचला. परत ठिणगी. असं दहा-बारा वेळा सहज होतं. आठ वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "थर्माकोल संपत का नाही?" फार मोलाचा प्रश्न! थर्माकोलवरचा ऋणभार तिथेच राहतो. तो ताटलीतले इलेक्ट्रॉन ढकलतो, ते आपल्या बोटातून निघून जातात आणि ताटली धनभारित होते. थर्माकोल तिला खाली ओढत असतो, तरी आपण ती उचलतो. ठिणगीची ऊर्जा त्या उचलण्यातून येते. स्वीडनच्या विल्के या शास्त्रज्ञाने 1762 मध्ये हे करून पाहिलं होतं, आणि 1775 मध्ये इटलीच्या व्होल्टाने ते नावारूपाला आणलं.

घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांना लांब बसवा, मोबाइलही दूर ठेवा.

शेवटी खोलीत अंधार करा. निऑनचा दिवा असलेला साधा टेस्टर घ्या. तो स्विचबोर्डाजवळ न्यायचा नाही, हे मुलांना आधीच बजावा. टेस्टरच्या मागच्या धातूच्या बोंडावर बोट ठेवून त्याचं टोक उचललेल्या ताटलीला लावा. क्षणभर आत नारिंगी चमक दिसते. नाही दिसली तर थर्माकोल पुन्हा उन्हात ठेवा.