नदीला पूर आल्यावर गॅस्ट्रोची साथ: संपर्क तुटणाऱ्या पाड्याने काय तयारी ठेवायची

गडचिरोलीत भामरागडजवळ पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की नदीपल्याडच्या गावांचा दवाखाना तुटतो. गॅस्ट्रोची साथ कॉलऱ्याची निघाली, तर धडधाकट माणूसही काही तासांत जाऊ शकतो. पण शरीराला पाणी आणि क्षार वेळेवर मिळाले तर शंभरात एकही दगावू नये. म्हणून पाड्याचं अंतर तासांत मोजा. भर पावसात, झोळीत रुग्ण घालून उपकेंद्र गाठायला किती वेळ लागतो? दोन तासांच्या वर लागत असेल, तर सुरुवातीचा उपचार पाड्यावरच व्हायला हवा आणि त्याचं सामान मे महिन्यातच पोचायला हवं.

दोनशे वस्तीला ओआरएसच्या (जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या क्षार-साखरेच्या) १ लिटरच्या निदान १०० पुड्या धरा: दहा रुग्ण, प्रत्येकी दहा. सोबत झिंकच्या गोळ्या, लिटरचं मापाचं भांडं, टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) आणि ओटी टेस्टचं (पाण्यात क्लोरिन उरलंय का ते रंगावरून दाखवणारं) किट. सगळं आशाताईंकडे ठेवलं आणि मध्ये नाला असला, तर अर्धा पाडा उपाशीच. नाल्याच्या दोन्ही काठांवर वाटून ठेवा.

आता विहीर. मेळघाटात पाचडोंगरी आणि कोयलारीत जुलै २०२२ मध्ये साथ आली ती उघड्या विहिरीच्या पाण्यातून. हिशेब सोपा आहे: व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) × ७८५ = लिटर. ३ मीटर व्यास, ४ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता. ती बादली दोराने विहिरीत खोल सोडून वर-खाली हिंदकळा. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही. साथीच्या दिवसांत हे काम रात्री, शेवटची घागर भरून झाल्यावर करा. पहाटेपर्यंत क्लोरिनला वेळ मिळतो.

फसतं ते दोन ठिकाणी. गोणीचं तोंड उघडं राहिलं की टीसीएलचा जोर उडतो आणि हाती नुसता चुना राहतो. शिवाय पावसाचं गढूळ पाणी क्लोरिन खाऊन टाकतं. म्हणून तासाभराने ओटी टेस्ट कराच. पिवळा रंग आला नाही, तर तेवढीच टीसीएल पुन्हा.

ओआरएसची १ लिटरची पुडी पेल्यात कालवणं ही नेहमीची चूक. पाणी खारट होतं आणि लेकराच्या जिवावर बेततं. पुडी अख्खी, पाणी अख्खं लिटर, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. पुड्या संपल्या तर लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबामागे ५० ते १०० मिली, दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिली, मोठ्यांना मागतील तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध तोडू नका. सहा महिन्यांवरील मुलाला झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. जुलाब थांबले तरी.

डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी फारच सावकाश बसते, रुग्ण सुस्त आहे किंवा पिऊच शकत नाही: आता सलाईनच लागेल, झोळी उचला. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर वाटेतही घोट घोट पाजत राहा.

मागे राहिलेल्यांनी वहीत घरांचा नकाशा काढावा. आजारी घरावर फुली मारा आणि शेजारी ते कुठलं पाणी पितं ते लिहा, कारण नुसती जवळीक फसवते. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती माणसं कॉलऱ्याने पटापट मेली, पण पंपालगतच्या बिअर कारखान्यातले कामगार वाचले. ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. फुल्या एकाच विहिरीकडे बोट दाखवू लागल्या तर ती बंद करा, पण आधी दुसरं पाणी ठरवून. नाहीतर बाया घागरी घेऊन नाल्यावर जातील, आणि ते पाणी त्याहून वाईट.