चोरी, अपहार की विश्वासघात? गुन्ह्याचे कलम समजून घेताना या चुका टाळा

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर वकिलाकडे येणाऱ्या पक्षकाराच्या हातात बहुधा घडी पडून मऊ झालेली एफआयआरची प्रत असते आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो म्हणजे यात शिक्षा किती. त्याआधी विचारायचा प्रश्न मात्र वेगळा आहे. वस्तू फिर्यादीच्या ताब्यातून गेली ती कशी? कोणी संमतीशिवाय उचलली, धाक घालून काढून घेतली, फिर्यादीने विश्वासाने सोपवली, की खोट्या थापांना भुलून स्वतःहून दिली? मालमत्तेच्या गुन्ह्यांत कलम ठरते ते मुख्यतः या उत्तरावरून, आणि फिर्यादी असो वा आरोपी, दोघांच्याही बहुतेक चुका हे उत्तर नीट न दिल्यामुळे होतात.

सर्वांत साधी चूक जुन्या आकड्यांची आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्यामुळे चोरीचे जुने 379 आता 303(2), विश्वासघाताचे जुने 406 आता 316(2), आणि ज्याने मराठी भाषेला एक विशेषणच दिले ते फसवणुकीचे 420 आता 318(4) झाले आहे. तरीही गुन्हा त्या तारखेपूर्वी घडला असेल, तर फिर्याद आज दिली तरी कलमे जुनीच लागतात. इंटरनेटवर कलम शोधण्यापूर्वी एफआयआरमधील घटनेची तारीख पाहावी, नोंदणीची नव्हे.

दुसरी चूक म्हणजे जे गेले त्या सगळ्याला ‘चोरी’ म्हणणे. वाशीच्या एपीएमसी बाजारातील एखादा गाळा डोळ्यांपुढे आणा. तेथे झाडलोट करणारा नोकर दुपारी मालक जेवायला गेल्यावर गल्ल्यातून पैसे काढतो. पैसे मालकाच्याच ताब्यात होते, नोकराने ते उचलले, म्हणून ही कलम 306 खालची नोकराने केलेली चोरी ठरते. त्याच गाळ्यावरील दिवाणजी ग्राहकांकडून वसुली आणून ती जमाच करत नाही, तेव्हा रक्कम त्याच्याकडे रीतसर सोपवलेली असल्यामुळे तो कलम 316(4) चा फौजदारी विश्वासघात होतो. दोन्हींत कमाल शिक्षा सात वर्षांचीच आहे, पण सिद्ध करायच्या गोष्टी निराळ्या आहेत. पहिल्यात कोणी पाहिले किंवा कॅमेऱ्यात काय दिसले हे लागते, तर दुसऱ्यात सोपवणुकीची वही, पावत्या आणि संदेश लागतात. मित्राला चार दिवसांसाठी दिलेली दुचाकी त्याने परस्पर विकून टाकली, तर तीसुद्धा चोरी नसून विश्वासघात आहे, कारण चावी तुम्हीच दिली होती.

येथे फिर्यादी आणखी एक हौस करतात, ती म्हणजे अर्जात विश्वासघात आणि फसवणूक ही दोन्ही कलमे एकाच व्यवहारासाठी लिहून टाकणे. विश्वासघातात सुरुवातीचा व्यवहार प्रामाणिक असतो आणि नीयत नंतर फिरते, तर फसवणुकीत नीयत पहिल्या दिवसापासूनच खोटी असावी लागते. त्यामुळे एकाच वस्तुस्थितीवर दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. आणि निव्वळ उधारी थकली असेल, तर ती बहुधा दिवाणी बाब राहते. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही.

सापडलेल्या वस्तूबाबतचा गैरसमज याच्या उलट दिशेचा आहे. रिक्षात राहिलेली बॅग ठेवून घेतली तर चोरी कशी, असे विचारले जाते. चोरी नाहीच, पण मालक ठाऊक असताना किंवा सहज शोधता येत असताना वस्तू आपली म्हणून वापरली, तर कलम 314 चा अपहार होतो. त्याची कमाल मुदत दोन वर्षे, म्हणजे साध्या चोरीच्या तीन वर्षांपेक्षा कमी आहे. तथापि अपहारात किमान सहा महिन्यांची कैद लिहिलेली आहे, जी पहिल्या साध्या चोरीत नाही. ‘किरकोळ’ कलम म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये.

‘वस्तू माझीच होती’ आणि ‘मी परत ठेवणारच होतो’ ही दोन उत्तरे तर जवळपास प्रत्येक जबाबात भेटतात. कायदा मालकीपेक्षा ताब्याकडे पाहतो. दुरुस्तीचे पैसे थकल्यामुळे कारागिराने तारण म्हणून अडवून ठेवलेले स्वतःचे घड्याळ, ते तारण बुडवण्याच्या हेतूने, गुपचूप उचलून आणणारा मालक चोरी करतो, हे उदाहरण खुद्द कलमाखालीच दिलेले आहे. कायमचे हिरावून घेण्याचा हेतूही आवश्यक नाही. राजस्थानातील एका सरकारी कचेरीतून फाईल घरी नेऊन, परिचिताला दाखवून ती परत ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याचे कृत्य सर्वोच्च न्यायालयाने 1960च्या दशकात चोरीच मानले होते. मात्र वस्तू आपलीच आहे असे प्रामाणिकपणे समजून ती घेतली असेल, तर अप्रामाणिक हेतू उरत नाही, आणि बचावाची खरी जागा तीच आहे.

वर्तमानपत्री भाषेमुळेही घोटाळा होतो. दोघांनी चाकू दाखवून पाकीट काढून घेतले, तर तो दरोडा नव्हे, जबरी चोरी आहे. दरोड्यासाठी किमान पाच जण लागतात. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि ती शीव-पनवेलसारख्या महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घडली तर चौदा वर्षांपर्यंत. अचानक झडप घालून हिसकावण्यासाठी नव्या संहितेत 304 हे स्वतंत्र कलम आले आहे. गळ्यातील साखळी ओढताना इजा झाली असेल, तर जबाबात ती स्पष्ट सांगावी आणि वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी, कारण हिसकावणे आणि जबरी चोरी यांतील सीमारेषा अशाच तपशिलावर उभी असते.

फिर्याद देताना होणारी सर्वांत महागडी चूक एका शब्दाची आहे. संध्याकाळी गर्दीच्या लोकलमधून ठाण्याला उतरताना खिशातला फोन गेला, आणि चौकीत ‘केव्हा गेला’ या प्रश्नावर प्रवासी दमून म्हणतो, ‘कुठेतरी पडला असेल.’ लिहून होते ते ‘गहाळ’. एफआयआरऐवजी गहाळ दाखला हाती येतो आणि चोरीचा तपास सुरूच होत नाही. फोन कोठे ठेवला होता, शेवटचा हाताला केव्हा लागला, धक्का कोणत्या बाजूने बसला, हे सांगून सही करण्यापूर्वी मजकूर संपूर्ण वाचावा. रेल्वेच्या हद्दीतील गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे जातो. तरीही दखलपात्र, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची फिर्याद हद्द कोणतीही असली तरी घ्यावी लागते आणि नंतर वर्ग केली जाते, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारलीच, तर पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज पाठवून पोच जपावी आणि तरीही काही न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे.

किमतीचा आकडाही अंदाजाने सांगू नये. चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा, आरोपी प्रथमच दोषी ठरलेला आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा दिली जाते. या वर्गातील गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठेवला आहे. म्हणूनच बिल जोडणे फिर्यादीच्या हिताचे आणि ते तपासून पाहणे आरोपीच्या हिताचे असते.

वस्तू परत केली की प्रकरण मिटले, हा आरोपीच्या घरच्यांचा आवडता समज आहे. साधी चोरी फिर्यादी मालकाला तडजोडीने मिटवता येते. नोकराने केलेली चोरी किंवा साधा विश्वासघात यांसाठी न्यायालयाची परवानगी लागते. राहत्या घरातील चोरीचे कलम 305, ज्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तडजोडीच्या यादीतच नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही हे खरे, पण त्या माहितीवरून माल काढून दिला, तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. ‘अजामीनपात्र’ म्हणजे जामीन मिळतच नाही असेही नव्हे. तो हक्क न राहता न्यायालयाच्या निर्णयाचा विषय होतो, इतकेच. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत पोलीस अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात. ती घेऊन गावी निघून जाणे म्हणजे अटकेला स्वतःहून निमित्त पुरवणे होय.

आणि ज्यांनी काहीच चोरलेले नाही, त्यांच्यासाठी चोरीचा माल घेण्याचे कलम 317. स्टेशनबाहेर खोके नाही, बिल नाही, निम्म्याहून कमी किंमत, अशा स्थितीत फोन विकत घेणारा तो चोरीचा असल्याचे मानायला कारण असतानाही घेतो, असा निष्कर्ष निघू शकतो. चोरीनंतर लवकरच माल ज्याच्याकडे सापडला त्याच्याविरुद्ध न्यायालयाला तसे गृहीत धरता येते. घेण्यापूर्वी *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, पाहावा, तो संचार साथी संकेतस्थळावर तपासावा आणि विकणाऱ्याची ओळख व पावती घ्यावी. पोलिसांचा फोन आल्यावर मोबाईल खाडीत टाकणारे महाभाग आहेत. पुरावा नष्ट करण्याचे आणखी एक कलम ते ओढवून घेतात.

सापडलेला माल मात्र खटला संपेपर्यंत ठाण्यातच राहतो, असे मानून लोक गप्प बसतात. पोलीस ठाण्यांच्या आवारात गंजणाऱ्या दुचाक्यांच्या रांगा पाहिल्या की हा समज किती पसरला आहे ते कळते. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच मुद्देमाल विनाकारण अडकवून न ठेवण्याचे सांगितले आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, त्यासोबत बिल किंवा आरसी, एफआयआरची प्रत आणि ओळखपत्र दिल्यास वस्तूचे छायाचित्र व पंचनामा होऊन ती बंधपत्रावर परत मिळू शकते. त्या बंधपत्रावर वस्तू न विकण्याची आणि बोलावल्यावर हजर करण्याची अट असते. ती न वाचता सही करून वर्षभरात गाडी विकणारा फिर्यादी स्वतः न्यायालयाच्या नोटिशीला उत्तर देत बसतो.