जुना पितळी सेक्स्टंट हाताळताना या चुका टाळा

जुना सेक्स्टंट, म्हणजे जहाजावरून सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजण्याचे यंत्र, घासून लख्ख करणे ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती बहुतेक वेळा प्रेमापोटीच होते. जहाजावरची नोकरी संपवून मी नेरूळला स्थायिक झालो, तेव्हापासून लोक अशी यंत्रे माझ्याकडे घेऊन येतात. नौपाड्यातल्या एका कुटुंबाने पणजोबांचा सेक्स्टंट खंडेनवमीच्या पूजेसाठी बाहेर काढला आणि देवघरातल्या समयांबरोबर तोही चिंच आणि रांगोळी लावून घासला. पणतू पेटी घेऊन आला तेव्हा पितळ सोन्यासारखे झळकत होते. पण अंश मोजण्याच्या कमानीत बसवलेल्या चांदीच्या पट्टीवर मी भिंग धरले, तर ३५ ते ६० अंशांमधल्या रेघा जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या आणि त्यांत भरलेला काळा रंग पार निघून गेला होता.

त्या रेघा म्हणजेच ते यंत्र. जॉन हॅडली यांनी १७३१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दोन आरशांचा ऑक्टंट, म्हणजे सेक्स्टंटचा पूर्वज, मांडला आणि १७५७ मध्ये कॅप्टन जॉन कॅम्पबेल यांच्या चाचण्यांनंतर त्याची कमान वाढून ६० अंशांची झाली. परावर्तनामुळे कोन दुप्पट मोजला जात असल्याने तिच्यावर १२० अंश मावतात. कमानीवरच्या खुणा पूर्वी कारागीर हाताने आखत असत. जेसी रॅम्सडेन यांनी १७७० च्या दशकात विभागणीचे यंत्र सिद्ध केले, तेव्हा कुठे लहान आकाराच्या सेक्स्टंटवरही भरवशाच्या रेघा येऊ लागल्या. उंचीत एका मिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली, तर जहाजाच्या स्थानात एका सागरी मैलाचा, म्हणजे १८५२ मीटरचा फरक पडतो. पुसलेली रेघ घरी पुन्हा आखता येत नाही, हे त्या मुलाला सांगताना मला फार वाईट वाटले. मी स्वतः मऊ ब्रशने धूळ झटकतो, जुन्या मलमलीने हलक्या हाताने पुसतो आणि पितळावर चढलेला तपकिरी किंवा काळसर रंग तसाच राहू देतो. पितळ चमकलेच पाहिजे असा ज्यांचा हट्ट असेल, त्यांनी समई घासावी.

यंत्र पेटीतून उचलताना सांगाडा धरावा. फिरणारी भुजा किंवा कमान धरू नये. सूर्याकडे रोखण्याआधी गडद काचा आड आणाव्यात, कारण डोळा एकदा भाजला की भरून येत नाही. डागाळलेल्या आरशाच्या जागी साध्या आरशाचा तुकडा कापून बसवू नये. त्याच्या दोन्ही बाजू काटेकोर समांतर नसतात. विकत घेताना ‘केल्व्हिन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’ अशी कोरीव अक्षरे दिसली, तर ती नक्कल समजावी, कारण ही कंपनी त्या नावाने १९४७ मध्ये उभी राहिली.

दुसरी चूक उतावळ्या नवशिक्यांची आहे. वाशीच्या एका तरुणाने हिवाळ्यात सात मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाडीपलीकडच्या काठाला क्षितिज मानून, मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजली. त्याचे अक्षांश थेट अलिबागच्या आसपास आले. यंत्र बिघडले असे समजून त्याने आरशांमागचे स्क्रू पिळले, आणि जे यंत्र ठीक होते तेही बिघडवले. वीस मीटर उंचीवरून समुद्राचे खरे क्षितिज सुमारे सतरा किलोमीटरवर असते, तर वाशीचा खाडीपूल दोन किलोमीटरही लांबीचा नाही. जवळचा काठ क्षितिजापेक्षा बराच खाली दिसतो, त्यामुळे मोजलेला कोन मोठा येतो आणि त्या उंचीवरून जवळपास अर्ध्या अंशाची चूक होते.

म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी इंडेक्स एरर, म्हणजे यंत्राच्या शून्यातली चूक, तपासावी. भुजा शून्यावर आणून एखाद्या ठळक ताऱ्याकडे पाहावे. तारा दोन दिसत असतील, तर ते एकमेकांवर येईपर्यंत ड्रम किंवा बारीक फिरवणीचा स्क्रू फिरवावा आणि जो आकडा येईल तो वहीत लिहून ठेवावा. समोरच्या इमारतीवरच्या दिव्यावर ही तपासणी करू नये, कारण तो फार जवळ असतो. चूक दोन‑तीन मिनिटांची असेल, तर मी आरसे हलवत नाही. हिशेबात तेवढे वजा किंवा अधिक करतो.

गच्चीवर खऱ्या क्षितिजाऐवजी मी पसरट ताटलीत काळे इंजिन ऑइल ओततो, वारा लागू नये म्हणून आडोसा करतो आणि सूर्य व त्याचे तेलातले प्रतिबिंब यांच्यातला कोन मोजतो. त्यातून इंडेक्स एरर काढून टाकली आणि निम्मे केले की उंची मिळते. मात्र सेक्स्टंटवर साधारण १२० अंशच मोजता येत असल्यामुळे सूर्य साठ अंशांच्या वर गेला की ही युक्ती चालत नाही. ठाणे आणि नवी मुंबईत मध्यान्हीचा सूर्य ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच साठ अंशांखाली असतो; मे महिन्याच्या सुट्टीत ताटली घेऊन गच्चीवर बसणाऱ्यांना मी डिसेंबरात यायला सांगतो.