जहाज सोडून अमेरिकेत राहिलेला नॉर्वेजियन खलाशी आणि त्याचे वंशज: शोध कुठून सुरू करावा

नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या माणसाचा शोध बहुतेक जण स्थलांतरितांच्या नोंदवहीपासून सुरू करतात. शेतकरी कुटुंबासाठी ते योग्यच आहे, पण खलाशाच्या बाबतीत तिथे हाती सहसा काही लागत नाही. क्रिस्तियानिया म्हणजे आजचे ऑस्लो, बर्गन आणि त्रोन्धेम इथल्या पोलिसांच्या त्या वह्यांत तिकीट काढून निघालेल्यांची नावे आहेत. जहाजावर कामाला लागून न्यूयॉर्क गाठलेला आणि तिथेच पळ काढलेला माणूस त्यांत येणार कसा? अरेन्दाल, ग्रिमस्ताद, लिस्ता या दक्षिण किनाऱ्यावरून असे पुष्कळ तरुण ब्रुकलिनला पोचले. त्यांचा माग वेगळ्या कागदांतून काढावा लागतो.

आधी तीन गोष्टी पक्क्या करा: पूर्ण जन्मतारीख, चर्चचा परगणा आणि वडिलांचे नाव. आडनावावर भिस्त ठेवू नका. समजा, नाव ओले टोबियासेन हेउगे आहे. टोबियासेन म्हणजे टोबियासचा मुलगा आणि हेउगे हे ज्या शेतवाडीवर तो राहत होता तिचे नाव. आपल्याकडचा ‘-कर’ गाव सोडले तरी पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नॉर्वेतले वाडीचे नाव मात्र वाडी बदलली की बदलायचे. कायम आडनावाची सक्ती 1923 च्या कायद्याने आली. म्हणून सख्खे भाऊ अमेरिकेत तीन वेगळ्या आडनावांनी सापडतात, ते चुकीचे समजून सोडून देऊ नका.

नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘डिजिटालआर्किवेट’ हे संकेतस्थळ मोफत आहे. शोध रोमन लिपीत करावा लागतो. शब्दलेखन इतके डळमळीत असते की नावाचा निम्मा भाग लिहून पुढे तारांकित खूण (*) देणेच बरे. जनगणना 1865, 1875, 1900, 1910 आणि 1920 च्या पाहा. 1910 मध्ये पूर्ण जन्मतारीख मिळते. खलाशासाठी मात्र खरी मोलाची 1900 ची: घरी नसलेल्याच्या नावापुढे ‘एफ’ हे अक्षर असते आणि तो त्या वेळी कुठे असावा याचाही रकाना असतो.

यानंतर नाविकांच्या वह्या. प्रत्येक किनारी जिल्ह्यात नोंदणीकृत खलाशांची मुख्य वही असे. चढल्या-उतरल्या जहाजांची नोंद भरतीच्या वह्यांत होई. यांतल्या बऱ्याच वह्यांना नावांची सूची नाही, त्यामुळे पाने एकेक करून उलटावी लागतात. शेऱ्याच्या रकान्यात ‘रोम्त’ हा शब्द दिसला की थांबा: तो जहाज सोडून पळाला. शेजारी बंदर आणि साल असेल तर अर्धे काम झाले.

माग इथेही लागला नाही, तर त्याच्या आई-वडिलांच्या मृत्यूनंतरची वारसवाटपाची नोंद काढा. परदेशी गेलेल्या मुलालाही वाटा असल्यामुळे तो कुठे राहतो हे तिथे लिहिलेले असू शकते. हा कागद लोक सर्वांत कमी पाहतात, म्हणून मी आग्रहाने सांगतो.

अमेरिकेच्या बाजूला पहिला भरवशाचा कागद नागरिकत्वाचा अर्ज. 27 सप्टेंबर 1906 पासून हे अर्ज देशभर एकाच नमुन्याचे झाले. त्यांत जन्मतारीख, जन्मगाव, जहाज आणि आगमनाची तारीख विचारली जाई. त्याआधीच्या अर्जांत अनेकदा ‘नॉर्वे’ एवढेच असते. पळून आलेल्यांची अडचण अशी की 1906 नंतर आलेल्याला आगमनाचा दाखला लागे आणि तो त्यांच्याकडे नसे. 1929 च्या कायद्याने 3 जून 1921 पूर्वी आलेल्या अशा लोकांची रीतसर नोंद करून घेण्याची सोय झाली. त्या फायलींत कुठे राहिलो, कुठे काम केले याचे पुरावे जोडलेले असतात. अमेरिकन नागरिकत्व विभागाच्या वंशशोध सेवेकडून त्या शुल्क भरून मागवता येतात.

सैन्यभरतीची कार्डेही पाहा. 1942 च्या वयस्कांच्या नोंदणीत, म्हणजे 28 एप्रिल 1877 ते 16 फेब्रुवारी 1897 दरम्यान जन्मलेल्यांच्या कार्डावर, जन्मगाव आणि ‘ज्याला तुमचा पत्ता नेहमी ठाऊक असेल अशी व्यक्ती’ दोन्ही मिळतात. 12 सप्टेंबर 1918 च्या कार्डावर जन्मगाव नाही, जवळचा नातलग आहे.

आता खाली जिवंत पिढीकडे. 1950 ची जनगणना 2022 पासून खुली आहे. तिथून मुलांची नावे घ्या. मुली लग्नानंतर आडनावाआड हरवतात. त्यांना शोधायला मृत्युवार्ता हाच उत्तम मार्ग, कारण त्यांत मागे राहिलेल्या नातलगांची नावे छापतात. ब्रुकलिनसाठी 1891 मध्ये सुरू झालेले ‘नोर्दिस्क तिदेन्दे’ हे नॉर्वेजियन वृत्तपत्र आणि लुथेरन चर्चच्या विवाह-बाप्तिस्म्याच्या वह्या पाहा.

सर्वांत मोठा घोळ एकसारख्या नावांचा. मूल दगावले की पुढच्याला तेच नाव देत, त्यामुळे एकाच घरात दोन ओले आढळतात. बाप्तिस्म्याची नोंद मिळाली म्हणून खूश होऊ नका. साधारण पंधराव्या वर्षी होणाऱ्या दृढीकरणाच्या (‘कन्फर्मेशन’ या चर्चमधल्या विधीच्या) यादीत तोच जन्मदिनांक आहे का ते ताडून पाहा. तसा नसेल, तर मधल्या वर्षांच्या दफनाच्या नोंदी आधी वाचा.

डीएनए चाचणी जोडीला घ्या, पण निर्णय तिच्यावर सोडू नका. ‘थर्ड कझिन’, म्हणजे खापरपणजोबा एकच असलेल्या भावंडांपैकी साधारण दहा टक्क्यांत सामायिक अंश अजिबात दिसत नाही. त्यामुळे जुळणी नाही म्हणून नाते नाही, असे ठरत नाही.

वंशज सापडला की पहिल्या पत्रात मागणी काही करू नका. तुमचा त्या खलाशाशी संबंध दोन ओळींत सांगा, सोबत जनगणनेच्या पानाची प्रत जोडा आणि घरात जुनी पत्रे किंवा फोटो आहेत का, एवढेच विचारा.