लेकीकडे जर्मनीला जाताय? खरेदीवरचा व्हॅट परत घ्या

माझी लेक म्युनिकला असते. आम्ही दोघं उन्हाळ्यात तिच्याकडे जातो आणि परतताना बॅगेत कुकर, झोलिंगनच्या सुऱ्या, भाचरांसाठी चॉकलेटं असं बरंच काही असतं. आमच्यासारखे अनेक आईवडील विमानतळावर भेटतात. व्हॅट परत मिळतो हे त्यांना माहीत असतं, पण ‘एवढ्यासाठी कुठे रांगेत उभं राहायचं’ म्हणून ते सोडून देतात. मला याचं फार वाईट वाटतं. तो पैसा आपला आहे, आणि तो मिळवायला जर्मन भाषा यावी लागत नाही.

आधी हक्क कुणाचा ते बघा. इथे नागरिकत्व बघत नाहीत, राहण्याचं ठिकाण बघतात. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला परतावा मिळतो. म्हणजे व्हिजिटर व्हिसावर आलेल्या तुम्हाला मिळेल. लेक-जावयाचा पासपोर्ट भारतीय असला तरी ते तिथे राहतात, म्हणून त्यांना मिळणार नाही. खरी गडबड दुकानातच होते. जावई कौतुकाने कार्ड पुढे करतात, “आई, राहू द्या, मी देतो.” त्यांना प्रेमाने थांबवा. बिल आणि फॉर्म तुमच्या नावावर हवा, आणि पैसेही तुमच्याच कार्डाने दिलेले बरे. त्यांना काही घ्यायचंच असेल तर संध्याकाळी जेवायला घेऊन जाऊ द्या. हॉटेलच्या बिलावर तसाही परतावा नसतो.

बिल 50 युरोच्या वर असायला हवं. वेगवेगळ्या दुकानांची छोटी बिलं जोडून चालत नाही. त्यामुळे एका दुकानातून तवा आणि दुसऱ्यातून झारा असं करण्यापेक्षा म्युनिकच्या मध्यवर्ती मारीएनप्लाट्झ चौकाजवळच्या एखाद्या मोठ्या दुकानात सगळं एकदम घ्या. पैसे देतानाच “टॅक्स फ्री फॉर्म” एवढंच म्हणा, त्यांना कळतं. पासपोर्ट जवळ ठेवा. फॉर्मवर नाव आणि पासपोर्ट नंबर बरोबर पडलाय का ते काउंटरवरच वाचून घ्या, आणि पत्ता भारतातला लिहा, लेकीचा नाही.

किती मिळतात? जर्मनीत व्हॅट 19 टक्के, पण तो छापील किमतीच्या आत धरलेला असतो. 238 युरोच्या भांड्यांत 200 युरो मालाचे आणि 38 युरो कराचे. म्हणजे छापील किमतीच्या जवळपास 16 टक्के. त्यातूनही दुकानाच्या वतीने परतावा देणारी मधली कंपनी आपला वाटा कापते, म्हणून हातात आणखी कमी येतात. पुस्तकं आणि चॉकलेटवर कर मुळातच 7 टक्के, तिथे परतावाही तसाच बेताचा. काही दुकानं स्वतःच कर परत करतात: शिक्का मारलेला कागद त्यांना पाठवला की कंपनीची कपात वाचते. तशी सोय आहे का ते विचारून बघा; पण त्यांच्यावर सक्ती नाही.

नवा कुकर लेकीच्या घरी एकदा वरणभाताला लावून बघायचा मोह होतो. लावू नका. वस्तू न वापरलेली हवी, वेष्टन आणि लेबलं शाबूत हवीत. मुदत म्हणाल तर खरेदीचा महिना सोडून पुढचे तीन महिने: मे महिन्यात घेतलेली वस्तू 31 ऑगस्टपर्यंत युरोपीय संघाबाहेर गेली पाहिजे.

आता विमानतळ. सगळं काम इथे अडतं किंवा होतं. फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का नसेल तर पैसे नाहीत, आणि शिक्का मारणारा अधिकारी वस्तू बघायला मागू शकतो. म्हणून चेक-इनला बॅग देतानाच सांगा की यात टॅक्स फ्री सामान आहे. ते वजन करून टॅग लावतात आणि बॅग तुम्हाला परत देतात. ती घेऊन कस्टम्सच्या काउंटरवर जा. पाटीवर ‘Zoll’ (त्सोल, म्हणजे कस्टम्स) लिहिलेलं असतं. पासपोर्ट, बोर्डिंग पास, फॉर्म आणि बिल हातात ठेवा. शिक्का झाला की बॅग पुढे कुठे सोडायची ते तेच सांगतात. भांडी बॅगेच्या तळाला भरू नका, वर ठेवा. त्या गर्दीत सगळ्या साड्या उपसाव्या लागू नयेत.

हातातल्या पिशवीतल्या सामानाचा शिक्का सुरक्षा तपासणीनंतरच्या काउंटरवर मिळतो. सुऱ्या मात्र केबिनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे त्यांचं काम मोठ्या बॅगेबरोबरच उरकावं लागतं. एक तास जास्तीचा धरून निघा. ‘आई, एवढ्या लवकर कशाला?’ असं पोरं म्हणतील. तरी निघा.

विमान बदलणार असाल तर नियम असा: दोहा, दुबई किंवा झुरिकमार्गे जात असाल तर म्युनिकलाच सगळा शिक्का, कारण ही शहरं युरोपीय संघाबाहेर आहेत. पॅरिस किंवा व्हिएन्नामार्गे जात असाल आणि मोठी बॅग थेट मुंबईपर्यंत टाकली असेल, तर तिच्यातल्या सामानाचा शिक्का म्युनिकला, आणि हातातल्या सामानाचा त्या शेवटच्या विमानतळावर. खरेदीनंतर लेक गाडीने स्वित्झर्लंडला नेणार असेल आणि विमान झुरिकहून असेल, तर शिक्का युरोपीय संघाची सीमा ओलांडतानाच घ्यावा लागतो. सहलीच्या आनंदात हे हमखास राहून जातं, म्हणून आदल्या रात्रीच गाडी चालवणाऱ्याला सांगून ठेवा.

शिक्क्यानंतर पैसे रोख किंवा कार्डावर मिळतात. रोख घेतलं तर वेगळं शुल्क कापलं जाऊ शकतं, आणि रुपयांत मागितले तर दरातही नुकसान होतं. मी क्रेडिट कार्डावरच घेते. त्या कंपनीचं पैसे देणारं काउंटर बंद असेल तर फॉर्म दुकानाने दिलेल्या पाकिटात घालून तिथल्या पेटीत टाका, पण त्याआधी शिक्क्यासकट त्याचा फोटो काढा. कार्डावर पैसे यायला काही आठवडे लागतात. तोवर फोटो, बिलाची प्रत आणि फॉर्मचा नंबर एकत्र ठेवा, म्हणजे उशीर झाला तर कंपनीला लेखी विचारता येतं.

व्हॅट परत मिळाला म्हणून मुंबईच्या कस्टम्समध्ये सूट मिळत नाही. तिथली मर्यादा वेगळी मोजतात. आणि परतताना लंडनला थांबून खरेदी करायचा बेत असेल, तर तिथली ही सोय 1 जानेवारी 2021 पासून बंद आहे. तेव्हा मोठी खरेदी म्युनिकलाच आटपा.