मानसोपचाराच्या फाइलमधले शब्द: वाचताना या चुका टाळा

डॉक्टरांकडून घरी आल्यावर फाइल उघडायची आणि त्यातला एकेक शब्द इंटरनेटवर शोधायचा, हे आता बहुतेक घरांत होतं. त्यात गैर काही नाही. आपल्या माणसाला काय झालंय हे कळावं असं कुणालाही वाटणारच. अनोळखी शब्द असला तर आपण निदान कुणाला तरी विचारतो. जास्त घात करतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. त्यांचा अर्थ ठाऊक आहे असं धरून आपण गोळी बंद करतो किंवा पुढची भेट रद्द करतो, आणि त्याचा त्रास पेशंटला सोसावा लागतो.

शक्यता आणि निदान यांत गल्लत

आजाराच्या नावाआधी ‘आर/ओ’, म्हणजे ‘रूल आउट’, लिहिलेलं असेल तर काही जण समजतात की तो आजार नाही हे सिद्ध झालं. काही जण फक्त आजाराचं नाव वाचतात आणि हादरून जातात. दोन्ही अर्थ चुकीचे. ही शक्यता अजून तपासून पाहायची आहे, एवढंच डॉक्टरांनी तिथे नोंदवलेलं असतं. ‘प्रोव्हिजनल’ हा शब्दही त्याच जातीचा: आज हाती असलेल्या माहितीवरून केलेलं निदान.

मनाच्या आजारांत हे वारंवार दिसतं, कारण निदान बरंचसं लक्षणं कोणती आणि ती किती काळ टिकली यावर ठरतं. डिप्रेशन म्हणायला लक्षणं किमान २ आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात. मेनिया, म्हणजे प्रमाणाबाहेरच्या उत्साहाचा किंवा चिडचिडीचा काळ, म्हणायला साधारण आठवडाभर. ‘बायपोलर’ आजारात असे मेनियाचे आणि डिप्रेशनचे काळ येतात. म्हणूनच सकाळी आनंदी आणि संध्याकाळी चिडलेल्या माणसाला ‘बायपोलर’ म्हणणं चूक आहे. उलट डिप्रेशनसाठी आलेल्या माणसाला काही वर्षांपूर्वी न झोपताही उत्साह ओसंडून वाहत होता, पैसे बेफाम खर्च होत होते, असं पुढे कळलं, तर निदान बदलू शकतं आणि औषधंही बदलतात. त्याला डॉक्टरांची चूक समजू नका. असे जुने दिवस आठवत असतील तर पहिल्याच भेटीत सांगा.

डिप्रेशनची लक्षणं मोजणाऱ्या ‘पीएचक्यू-९’सारख्या प्रश्नावलीचे गुणही निदान नसतात. त्यात ९ प्रश्न, मागच्या २ आठवड्यांविषयीचे, आणि एकूण गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी, इतकाच त्याचा अर्थ. थायरॉइडच्या बिघाडातही थकवा आणि उदासी येते. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर लाजेखातर ‘नाही’ असं देऊ नका.

औषधाच्या नावावरून आजार ओळखणं

मला ही चूक सगळ्यांत घातक वाटते, कारण हिच्यामुळे चांगले चाललेले उपचार अर्धवट सुटतात. गोळीच्या पाकिटातला कागद वाचून घरचे घाबरतात: “फिट्सचं औषध कशाला दिलंय?” व्हॅलप्रोएट आणि लॅमोट्रिजिन ही फिट्सवरची औषधं खरीच, पण बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवायलाही ती दिली जातात. ‘अँटिसायकोटिक’, म्हणजे भास-भ्रमांवरच्या औषधांच्या, गटातलं क्वेटियापिन बायपोलरमध्ये वापरतात, डिप्रेशनमध्ये दुसऱ्या औषधाच्या जोडीलाही देतात. ‘अँटिडिप्रेसंट’ गोळ्या चिंतेच्या आजारात आणि ओसीडीतही (नकोसे विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजारात) चालतात. गटाचं नाव औषधाच्या एका उपयोगावरून पडलेलं असतं. तुमच्या माणसाला ते कशासाठी दिलंय, हा प्रश्न चिठ्ठी हातात पडल्यावर तिथल्या तिथे विचारा.

दुसरा घोळ ‘सवय’ या शब्दाचा. झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्यांची सवय लागू शकते. त्या सहसा थोड्या काळासाठीच देतात. अँटिडिप्रेसंटचं तसं नाही. त्यांची ओढ लागत नाही आणि नशेसाठी डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होऊ शकते. म्हणून डॉक्टर ‘टेपर’ लिहितात, म्हणजे डोस टप्प्याटप्प्याने कमी करायचा. ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच. ती गोळी रोज घ्यायची नाही, आणि रोजची गोळी एसओएससारखी मनाला येईल तेव्हा घ्यायची नाही. अँटिडिप्रेसंटचा गुण दिसायला बहुधा २ ते ४ आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. पाचव्या दिवशी “उपयोग नाही” म्हणून सोडून देऊ नका.

पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, क्रॉनिक

स्किझोफ्रेनियात ‘पॉझिटिव्ह’ लक्षणं म्हणजे चांगली लक्षणं नव्हेत. एरवी नसतं ते काही वाढीव आलेलं असतं: कुणी नसताना आवाज ऐकू येणं, कुणीतरी पाळत ठेवतंय अशी पक्की खात्री वाटणं. ‘निगेटिव्ह’ म्हणजे असलेलं काही कमी झालं: बोलणं आटतं, उठून आंघोळ करायचीही उमेद राहत नाही. घरी याला आळस म्हणतात आणि आधीच खचलेल्या माणसाला बोल लावतात. तो आजाराचाच भाग आहे, हे कृपया घरातल्या प्रत्येकाला सांगा. दोन व्यक्तिमत्त्वं असण्याशीही स्किझोफ्रेनियाचा संबंध नाही.

भास आणि भ्रम हेही वेगळे. भास इंद्रियांना होतो, भ्रम ही पुराव्याने न हलणारी समजूत असते. तिच्याशी वाद घालून उपयोग होत नाही, अंतर मात्र वाढतं. “तुला भीती वाटतेय हे दिसतंय, मी इथेच आहे” एवढं म्हणा आणि डॉक्टरांना कळवा.

‘अक्यूट’ म्हणजे अचानक सुरू झालेलं. ‘क्रॉनिक’ म्हणजे दीर्घकाळ चालणारं. असाध्य असा त्याचा अर्थ होत नाही. ‘रेमिशन’ म्हणजे लक्षणं ओसरलेली आहेत. औषध थांबवायची परवानगी त्यात नसते.

कुणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधं देतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतात. समुपदेशक बोलून मार्ग काढायला मदत करतात. पाटीवरचं पद वाचून थांबू नका, शिक्षण आणि नोंदणी विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

‘गोपनीय’ म्हणजे दार बंद नव्हे

पेशंटने परवानगी दिली नसेल तर डॉक्टर घरच्यांना त्याचं बोलणं सांगत नाहीत. ते योग्यच आहे. जिवाला धोका असेल तेव्हा याला अपवाद असतो. मात्र अनेक नातेवाईक यावरून स्वतःही गप्प बसतात. डॉक्टर सांगू शकत नसले तरी तुमचं ऐकू शकतात: झोप किती, जेवण किती, गोळ्या घेतल्या जातात का. फाइलमध्ये आत्महत्येचे विचार नाहीत असं लिहिलं असेल, तर ती त्या दिवसाची नोंद आहे. पुढच्या आठवड्यात तो माणूस “मी नसलो तर बरं होईल” म्हणाला, तर त्याला तसे विचार येतात का हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. उत्तर होकारार्थी असेल तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. कसं करायचं हेही त्याने ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि तातडीच्या विभागात घेऊन जा.